भाषणाचा विषय बोअर वाटतोय? बदलण्याआधी हे तपासा

दरवर्षी कॉलेजं सुरू होऊन महिना झाला की इकडे खानदेशात माझ्याकडे ही तक्रार यायला लागते. कोणाचं अकरावीच्या तोंडीचं भाषण असतं, कोणाचं बीएडचं, कोणाचं एफवायचं प्रेझेंटेशन, आणि वाक्य सगळ्यांचं एकच, "सर माझा विषयच बोअर आहे, दुसरा सुचवा ना". पूर्वी मी सुचवायचो. आता नाही सुचवत, कारण नवा विषय दिला तरी आठ दिवसांनी तेच पोरगं तोच चेहरा घेऊन परत उभं राहतं. बिघाड विषयात नसतो, विषयाच्या मापात असतो. चार मिनिटांत मावणार नाही एवढा मोठा विषय घेतलेला असतो आणि मोठा आहे म्हणून त्यात धरायला काहीच नसतं. म्हणून हा क्रम लिहून ठेवतोय. वरच्या तपासण्या फुकटच्या आहेत, खाली खाली जाल तसा वेळ आणि पेट्रोल लागेल, त्यामुळे वरून सुरू करा आणि बिघाड सापडला की तिथेच थांबा, उगाच सगळं करत बसू नका.

लक्षणं

विषय कागदावर एक-दोन शब्दांचा आहे. पर्यावरण, मोबाईल, स्त्री शिक्षण, भ्रष्टाचार. किंवा मागे "शाप की वरदान" लावलेलं आहे आणि भाषण निम्मं शापाचं, निम्मं वरदानाचं होऊन शेवटी "वापर करणाऱ्यावर अवलंबून आहे" इथे येऊन थांबतं.

लिहायला बसलं की पहिलं वाक्य आपोआप "आजच्या धावपळीच्या युगात" असं येतं.

दुसरा आणि चौथा परिच्छेद आपापसात बदलला तरी कोणाला कळणार नाही. हे खरंच करून बघा, बऱ्याच जणांना इथेच घाम फुटतो.

माहिती ढीगभर गोळा झालीय, इंटरनेटवरून दहा पानं काढलीत, पण काय ठेवायचं न काय टाकायचं ते ठरत नाही.

आणि सगळ्यात पक्कं लक्षण म्हंजे भाषण संपल्यावर सर विचारतात "कोणाला काही विचारायचंय का?" आणि वर्गात फक्त पंख्याचा आवाज. टाळ्या वाजतात, टाळ्यांवर जाऊ नका, टाळ्या तर भाषण संपल्याच्या आनंदात पण वाजतात.

याच्या उलट लक्षण असेल, म्हंजे कँटीनला मित्रांना तीच गोष्ट सांगितली तर ते कान देऊन ऐकतात पण वर्गासमोर उभं राहिलं की घसा कोरडा पडतो, तर तुमचा विषय ठणठणीत आहे, बिघाड दुसरीकडे आहे. सरळ शेवटच्या भागावर जा.

तपासणी १: विषयाचं पूर्ण वाक्य होतं का?

खर्च शून्य. कागदावर विषय लिहा आणि त्याचं एक पूर्ण वाक्य किंवा एक प्रश्न करा. "पाणी" नाही चालणार. "पाणी वाचवा" हे वाक्य आहे पण त्याला नाही म्हणणारा माणूस जगात नाही, त्यामुळे तेही बाद. "धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठचे शेतकरी सरकारी खात्याशिवाय पाण्याची वाटणी कशी करत आले?" हे चालेल.

हे का तपासायचं? नुसत्या शब्दाला कोणी हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही, म्हणून ऐकणाऱ्याला काही कामच उरत नाही. प्रश्न कानावर पडला की डोकं आपोआप उत्तर शोधायला लागतं, तुम्ही सांगायच्या आधी. तेवढ्यावरच पहिलं मिनिट निघून जातं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांचा बिघाड इथेच सापडतो, त्यांना पुढचं काही वाचायची गरज पण नसते.

तपासणी २: तुमच्या आधी कोण काय बोलतंय?

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज टाका, किंवा सीआरकडून, म्हंजे वर्ग प्रतिनिधीकडून, यादी घ्या. तुमचा रोल नंबर मागचा आहे आणि तुमच्या आधी तिघं मोबाईलवर बोलणार आहेत, तर तुमचं भाषण कितीही भारी असो वर्गाने ते तीनदा ऐकलेलं असणार. याला कोणी विषय बोअर म्हणतं, पण खरं तर हा नंबराचा प्रॉब्लेम आहे. विषय सोडायची गरज नाही, बाजू बदला. तिघं मोबाईलच्या दुष्परिणामांवर बोलणार असतील तर तुम्ही बाजार समितीत शेतकरी भाव मोबाईलवर बघून येतो तेव्हा व्यापाऱ्याशी बोलणं कसं बदलतं ते घ्या. विषय तोच, पण वर्गाला नवा.

तपासणी ३: स्टॉपवॉच

हे सगळे टाळतात. मोबाईलवर स्टॉपवॉच लावा आणि लिहिलेलं मोठ्याने वाचा, मनात नाही, मोठ्याने. सावकाश, समजेल असं मराठी बोलायचं तर मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द होतात. चार मिनिटांचं भाषण म्हंजे साडेचारशे-पावणेपाचशे शब्द, फुलस्केपची जेमतेम दोन पानं. तेवढ्या जागेत "प्रस्तावना, कारणे, परिणाम, उपाय, समारोप" असा निबंधाचा अख्खा संसार मावत नाही हो. एक मुद्दा मावतो, त्याचं एक चांगलं उदाहरण मावतं आणि एखादा आकडा. भाषण सहा मिनिटांचं होतंय म्हणून भराभर वाचणारे खूप बघितलेत, त्यांना वाटतं स्पीड वाढवला की काम झालं. वर्गाला काहीच कळत नाही. स्पीड नका वाढवू, विषयच अर्धा कापा.

तपासणी ४: वर्गाला अर्धं माहीत आहे का?

इथे जरा थांबतो, कारण माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे.

वर्गाला पूर्ण माहीत असलेलं सांगितलं तर ते झोपतात आणि अजिबात माहीत नसलेलं सांगितलं तरी झोपतात. ब्लॅक होलवर बोलणारं पोरगं आणि स्वच्छतेवर बोलणारं पोरगं, दोघांचा निकाल सारखाच लागतो. हवं ते मधलं, म्हंजे वस्तू रोजची पण तिच्यातली गोष्ट नवी.

यावलकडची एक अकरावीची मुलगी "भारतीय शेती: काल, आज, उद्या" असा विषय घेऊन आली होती. मी म्हटलं घरी शेती आहे का, म्हणे हो सर, केळी. मग केळीवर बोल ना. "केळीवर काय बोलू सर, ती तर वर्गात सगळ्यांच्याच घरी आहे." मी विचारलं केळीचं बी कुठे असतं? म्हणे बी नसतं, पप्पा पहिले कंद लावायचे, आता टिश्यूची, म्हंजे प्रयोगशाळेत वाढवलेली, रोपं आणतात. का नसतं? यावर ती गप्प झाली, आणि मी म्हटलं हाच तुझा विषय.

तिने वर्गात काय केलं बघा. स्टीलच्या ताटलीत एक केळं ठेवलं, सुरीने उभं चिरलं आणि पहिल्या बाकावर दिलं. मधोमध बारीक काळपट ठिपके असतात ना, ते म्हणाली वाढ न झालेलं बी. मागच्या बाकावरची पोरं उठून पुढे आली, आणि ही रावेर-यावल-चोपड्याची पोरं बरं का, जन्मापासून केळी खाणारी, ज्यांच्या घरची केळी २०१६ साली जीआय मानांकन मिळालेली जळगावची केळी आहे. त्यांनी ते ठिपके कधी नीट बघितलेच नव्हते. मग तिने पुढचं सांगितलं, की बी नाही म्हणून प्रत्येक झाड आधीच्या झाडाचीच नक्कल, त्यामुळे बागेतली जी-नाईन या जातीची सगळी झाडं आतून एकसारखी, म्हणून एका झाडाला झेपणार नाही असा रोग आला तर शेजारच्यालाही झेपत नाही. आणि हे एकदा जगात झालेलं आहे. पूर्वी परदेशी बाजारात ग्रो मिशेल नावाची केळी चालायची, जमिनीतून येणाऱ्या पनामा मर रोगाने तिच्या बागा बसल्या आणि १९५०-६० च्या सुमारास व्यापार कॅव्हेंडिश गटाच्या केळीवर गेला. आपली बसराई, श्रीमंती, जी-नाईन ही सगळी त्याच कॅव्हेंडिश घराण्यातली. आणि आता त्याच रोगाची नवी जात कॅव्हेंडिशला पण मारते. बस, एवढंच भाषण. प्रश्न इतके आले की सरांना पुढच्या रोल नंबरला उद्या बोलवावं लागलं.

"भारतीय शेती"पेक्षा हा विषय किती छोटा आहे ते बघा. पण शेती, विज्ञान, बाजार सगळं त्यात आलं, कशाचं नाव न घेता.

आपल्याकडे असे विषय जागोजागी पडलेत, फक्त मोठ्या नावाखाली दबलेत. "ग्लोबल वॉर्मिंग" घेणाऱ्याने केळीच्या बागेच्या कडेने शेवरी का लावतात ते घ्यावं, मे महिन्यात गरम वारं पानं कसं फाडतं ते आपल्या वर्गाला वेगळं सांगावं लागत नाही. "स्वातंत्र्यलढा" घेणाऱ्याने १९३६ चं फैजपूर घ्यावं. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू आणि मंडप-सजावटीला शांतिनिकेतनहून नंदलाल बोस, बांबूसारखं साधं गावातलंच सामान वापरून. शहरं सोडून अधिवेशन खेड्यात का आणलं, हा चार मिनिटांचा प्रश्न आहे. नंदुरबारचं पोरगं असेल तर त्याला चले जाव चळवळीच्या मिरवणुकीत पोलिसांच्या गोळीने गेलेला शिरीषकुमार माहीतच असतो, ९ सप्टेंबर १९४२ ही तारीख पण पाठ असते, पण भाषणात तो "शूर वीर बालक" एवढ्यावरच सोडतो. वर्गातल्या पोरांच्याच वयाचा मुलगा त्या मिरवणुकीत होता, शाळकरी पोरं मिरवणुकीत का होती हे सांगा ना. विशेषणं वर्गाला ऐकू येत नाहीत.

"पाणी"वाल्यांसाठी वर पांझरेच्या प्रश्नात आलेली पाण्याची वाटणी, तिला फड पद्धत म्हणतात. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन फडांमध्ये वाटलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी. वर्गाला विचारा की एकाने नियम मोडून ऊस लावला तर काय होईल. भांडण सुरू होतं, आणि वर्गात भांडण सुरू झालं की समजा काम झालं.

तपासणी ५: घरच्या माणसाला एका मिनिटात सांगा

मित्राला नाही, मित्र भारीच म्हणतो. घरात आजी असेल तर आजीला. आमच्याकडची आजी अहिराणीत "मंग काय व्हयनं?" (मग काय झालं?) विचारते का ते बघा. विचारलं तर विषयाला पुढे ओढ आहे. "बरं शे" म्हणून ती भाजी निवडायला लागली तर नाही. का? कारण आजीला मार्क द्यायचे नाहीत आणि तुमचं मन राखायची तिला गरज पण नाही. जिथे ती मधे थांबवून विचारते नेमकं तिथून भाषण सुरू करा. पोरं बहुतेक वेळा सगळ्यात मजेची गोष्ट तिसऱ्या मिनिटाला ठेवतात, "आधी प्रस्तावना करायची असते ना सर" म्हणून. ती उचलून पहिल्या वाक्यात टाका आणि प्रस्तावना काढून फेका, कोणीही विचारणार नाही कुठे गेली.

तपासणी ६: एकदा जाऊन बघा

आता खर्च सुरू. अर्धा दिवस आणि एसटीचं भाडं. वरचं सगळं करून पण भाषण कोरडं वाटत असेल तर बहुतेक वेळा कारण हे असतं की सगळं वाचलेलं आहे, बघितलेलं काहीच नाही. वाचलेलं पोरगं "मोठ्या प्रमाणात" म्हणतं, बघितलेलं पोरगं सांगतं की जिनिंगमध्ये काम करणाऱ्या बाईच्या पापण्यांवर पण कापसाचे तंतू बसतात. आणि शेवटी प्रश्न आले तर वाचलेल्याची फजिती होते, बघितलेल्याची होत नाही.

लांब जायचं नाही. इतिहासाचा विषय असेल तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच गेले आणि लगेच पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने संस्था उभी राहिली. जायच्या आधी फोन करून वेळ विचारा. चाळीसगावची पोरं पाटणादेवीला सहलीला जातात, फोटो काढतात न परत येतात. तिथल्या पाटण गावात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आणि त्याचा शिलालेख आहे, शके ११२८ चा. गणिताच्या तासाला भाषण असेल तर यापेक्षा चांगलं काय पाहिजे? आठशे वर्षांपूर्वी आपल्या तालुक्यात गणिताचा क्लास होता!

कोणाला भेटायला जाल तर तीन प्रश्न लिहून न्या आणि त्यातला एक तरी "पहिल्या दिवशी काय झालं होतं?" असा ठेवा. "तुमच्या व्यवसायाबद्दल माहिती सांगा" म्हटलं की समोरचा पण निबंधच सांगायला लागतो.

तपासणी ७: सांगताय ते खरं आहे का?

ही सगळ्यात किचकट, म्हणून खाली ठेवली. व्हॉट्सॲपवरचा आकडा किंवा एआयने दिलेली तारीख वर्गात चुकली आणि एखाद्याने जागेवरच गुगल केलं तर पुढचं कोणी ऐकत नाही. प्रत्येक आकड्याला आणि तारखेला एक छापील पुस्तक किंवा सरकारी कागद शोधा. नाही सापडला तर आकडा काढून टाका, भाषणाचं काही बिघडत नाही.

खरं आणि सांगोवांगी यांची सरमिसळ पण इथेच पकडा. चाळीसगावचे फोटोग्राफर केकी मूस घ्या, विषय म्हणून एक नंबर. १९८९ मध्ये गेले, त्याआधी कित्येक दशकं ते स्वतःच्या घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत आणि टेबलावर देखावे मांडून फोटो काढत राहिले. एवढं पक्कं. पण का पडले नाहीत, यावर प्रेयसी, पंजाब मेल, उघडं ठेवलेलं दार अशा गोष्टी सांगतात. त्या सांगायच्या तर "असं म्हणतात" लावून सांगा. गंमत म्हंजे "असं म्हणतात" लावल्याने मजा कमी होत नाही, वर्ग लगेच दोन गटांत वाटला जातो.

बालकवींवर बोलणारे पण दरवर्षी असतात आणि सगळे "निसर्गकवी" म्हणून झरे-फुलं सांगतात. त्यांचा जन्म धरणगावचा १८९० चा आणि मृत्यू १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली. जळगाव-भुसावळ अपडाऊन करणारी पोरं रोज त्या स्टेशनवरून जातात, हे पक्कं आणि तपासता येणारं आहे, तरी कोणीच बोलत नाही.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

भाषणाला तीन दिवस राहिले असतील तर विषय बदलणं बंद. बाजू बदला, सुरुवात बदला, कापा, पण नवा विषय नको. आदल्या रात्री बदललेला विषय मी तरी अजून जमलेला बघितला नाही.

विषय शेतकरी आत्महत्या, जात, कोर्टात चालू असलेली केस, गावातलं एखादं खरं प्रकरण किंवा नाव घेऊन एखादा पुढारी असा असेल तर स्वतः ठरवू नका, आधी वर्गशिक्षकांना दाखवा. आपल्या भागात समोरच्या बाकावर बसलेल्याच्या घरात ते घडलेलं असू शकतं आणि तुम्हाला ते माहीत नसतं, सरांना बहुतेक वेळा माहीत असतं. तसं असेल तर विषय सोडून द्या, कितीही भारी असला तरी.

विषय ठीक आहे, वाक्य ठीक आहे, आजीने पण विचारलं, आणि तरी होत नसेल तर पुढचं काम माझ्यासारख्याचं नाही. बोलताना शब्द अडकतो, तोतरेपणा आहे, तर "सोपा विषय घे" हा त्यावर इलाज नाही, स्पीच थेरपिस्टला भेटा. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या कान-नाक-घसा विभागात विचारलं की पत्ता मिळतो. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच असेल तर तिथल्याच डॉक्टरांना घसा दाखवा, हळद-दूध आणि ज्येष्ठमधावर किती दिवस काढणार. आणि भाषणाच्या विचारानेच झोप उडालीय, छातीत धडधडतं, उलटी होते, कॉलेज बुडवावंसं वाटतं, असं असेल तर कॉलेजच्या समुपदेशकाकडे जा, नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनला १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तोपर्यंत सरांना सांगून भाषण एकट्या सरांसमोर किंवा चार जणांसमोर देता येतं का ते विचारा, मागितलं तर बरेच शिक्षक देतात, पण मागायला भाषणाच्या दिवशी सकाळी जाऊ नका, निदान आठवडाभर आधी जा, आणि जमलं तर घरचं कोणीतरी सोबत न्या.